चूल मोजली, कुटुंब हुकले

आपल्या खेड्यांतील कुटुंबाविषयी एक कहाणी इतकी रूढ होऊन बसली आहे की, तिला पुरावा मागावा असे कुणाच्या मनातही येत नाही. पूर्वी म्हणे खेड्यात सारीच कुटुंबे एकत्र होती. आजा, आजी, चार मुलगे, चार सुना आणि घरभर नातवंडे एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदत. पुढे इंग्रज आले, शाळा आल्या, गिरण्या आल्या, मुंबईची नोकरी आली आणि ती कुटुंबे फुटली. ही कहाणी कीर्तनात ऐकू येते, नाटकात रडवते आणि ‘एकत्र कुटुंबपद्धती : फायदे आणि तोटे’ ह्या निबंधाच्या रूपाने दरसाल शेकडो वह्यांतून आम्हां शिक्षकांपुढे येते. तिच्यात काही नवल नाही. माणसाला मागचे दिवस नेहमीच बरे वाटतात.

नवल आहे ते पुढेच. हीच कहाणी विद्वानांच्या ग्रंथांत, त्या ग्रंथांच्या परीक्षणांत आणि त्या परीक्षणांवरून बेतलेल्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. आणि ज्यांनी पायपीट करून खेड्यातील घरे मोजली, त्यांच्या वह्यांत मात्र ती तशी सापडत नाही. मोजणाऱ्याने एक लिहिले, त्याचा गोषवारा देणाऱ्याने दुसरे वाचले आणि पाठ्यपुस्तकाने तिसरेच शिकवले. ह्या चुका कशा झाल्या, त्या कुणी दुरुस्त केल्या आणि घणसोलीसारख्या गावातल्या माणसाने त्याची फिकीर का करावी, हे दिवाळीच्या फराळाबरोबर सांगावे असे मनात आहे. विषय जड दिसला, तरी वाचकहो, तो तुमच्याआमच्या स्वयंपाकघरातलाच आहे.

आरंभ लोणीकंदापासून करू. पुणे–नगर रस्त्यावर, हवेली तालुक्यात हे गाव आहे. पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर लगेच, म्हणजे १८१९ साली, कंपनी सरकारच्या नोकरीतील थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टराने ह्या गावाची बारकाईने पाहणी केली. माणसे किती, घरे किती, खातात काय, नेसतात काय, सावकाराचे देणे किती, असे सारे त्याने टिपले. मुंबईच्या लिटररी सोसायटीने आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १८२३ साली तो वृत्तान्त छापला. त्या डॉक्टराला कुठला सिद्धान्त मांडायचा नव्हता. नव्याने हाती आलेला मुलूख कसा आहे, एवढेच त्याला पाहायचे होते, आणि म्हणूनच त्याची वही पुढच्यांना मोलाची ठरली.

जवळजवळ दीडशे वर्षांनी त्या वहीचे भाग्य उजळले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घालणारे मालवणचे डॉक्टर गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि १९६० साली ‘सव्वाशे वर्षांनंतर : लोणीकंद तेव्हा आणि आता’ अशा अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर पॉलीन कोलेंडा ह्या अमेरिकन विदुषीने १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तीन वर्षांच्या नोंदी शेजारीशेजारी मांडून लोणीकंदातील कुटुंबांचा ताळा केला. तो लेख १९७० साली छापला गेला. एकाच गावाची दीडशे वर्षांतली तीन चित्रे हाती लागावीत, असा योग फार क्वचित येतो.

त्या ताळ्यात काय निघावे? रूढ कहाणी खरी असती, तर १८१९ साली एकत्र कुटुंबे भरपूर आणि १९६७ साली तुरळक असे दिसायला हवे होते. दिसले ते उलट. पेशवाईच्या अस्ताच्या वेळी लोणीकंदात एकत्र कुटुंबांचे जे प्रमाण होते, त्याहून विसाव्या शतकात ते अधिक भरले. तेही पुण्यासारखे शहर हाकेच्या अंतरावर असताना, गाड्या, शाळा, कारखाने सारे आलेले असताना!

असे असता ती कहाणी इतकी वर्षे टिकली कशी? ती टिकली, कारण तिला आकड्यांचे पाठबळ आहे असा समज पसरला होता. १९५१ सालच्या शिरगणतीचे आयुक्त गोपालस्वामी ह्यांच्या अहवालात खेड्यांतील घरांची चार गटांत वाटणी केलेली आहे. दर शंभर घरांत तीन किंवा त्याहून कमी माणसांची ३३, चार ते सहा माणसांची ४४, सात ते नऊ माणसांची १७ आणि दहा किंवा त्याहून अधिक माणसांची अवघी ६. लहान घरे इतकी, त्या अर्थी कुटुंबे जुन्या रिवाजाप्रमाणे एकत्र राहत नाहीत, असा निष्कर्ष अहवालाने सकृद्दर्शनी म्हणून काढला. पुढच्या लेखकांच्या हाती ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द गळून पडला आणि निष्कर्ष तेवढा उरला.

ह्यातील खोट शाळकरी पोरालाही कळेल. एखादे झाड खुजे झाले असे म्हणायचे, तर ते पूर्वी किती उंच होते हे ठाऊक हवे. १९५१ साली घरे लहान होती हे खरे. पण १८५१ साली ती मोठी होती हे कुणी मोजले होते? हेन्री ओरेनस्टाइन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने नेमका हाच प्रश्न विचारला. हा गृहस्थ पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात राहून गेलेला होता आणि त्या खेड्यावर त्याने पुढे १९६५ साली पुस्तकही लिहिले. १९६१ साली त्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या शिरगणत्या चाळून दाखवून दिले की, घरामागे माणसांची सरासरी १९५१ पर्यंत घटलेली दिसत नाही. जे कधी मोठे नव्हतेच, ते लहान झाले म्हणून रडण्यात काय हशील?

दुसरी खोट अधिक खोल होती. ती काढून दाखवली ए. एम. शाह ह्यांनी. हे घुर्यांच्या शिष्याचे, म्हणजे श्रीनिवासांचे शिष्य. खेडा जिल्ह्यातील राधवाणज ह्या खेड्यात ते १९५५ पासून काही काळ राहिले. त्या खेड्याची १८२५ सालची घरोघरची नोंदही त्यांच्या हाती लागली. १९६४ साली एका लेखात आणि पुढे १९७३ साली एका पुस्तकात त्यांनी आपला अभ्यास मांडला. त्या पुस्तकाचा निम्मा भाग स्वतःच्या खेड्याविषयी आणि उरलेला इतरांच्या अभ्यासांचे परीक्षण करण्यात खर्ची पडला आहे. परीक्षण म्हणजे स्तुती नव्हे आणि टवाळीही नव्हे. अमुक पंडिताने कोणती वस्तू मोजली आणि कोणत्या वस्तूविषयी बोलला, एवढेच ते शांतपणे तपासतात. तपासाअंती आढळते असे की, मोजली असते चूल आणि निकाल दिलेला असतो कुटुंबावर.

चूल आणि कुटुंब ह्यांतला भेद आपल्या आयाबायांना शिकवावा लागत नाही. दोघे भाऊ वेगळे निघाले, दोन चुली झाल्या, म्हणून ते भाऊ राहिले नाहीत असे कोण म्हणेल? एकाच्या घरी लग्न निघाले की दुसऱ्याची बायको आठ दिवस आधी मुक्कामाला जाते. एकाच्या घरी मयत झाले की सुतक दोन्ही चुलींना. जमीन पुष्कळदा सामायिकच असते, देव सामायिक असतात, मानपान आणि भांडणही सामायिक असते. शिरगणतीच्या कामावरचा माणूस मात्र एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब असे धरून चालतो. त्याच्या कामापुरते ते योग्यच आहे. पण त्याचा तक्ता पाहून ‘भाऊ भावाला विसरला’ असे लिहिणारा पंडित तक्त्यात नसलेली गोष्ट वाचत असतो.

शिवाय तक्ता एका दिवसाचा आणि घर चालायचे पन्नास वर्षे. नवराबायको आणि दोन लेकरे असे घर आज मोजले, तर ते विभक्त. वीस वर्षांनी मोठ्याचे लग्न होऊन सून आली की तेच घर एकत्र. आणखी दहा वर्षांनी धाकटा वेगळा निघाला, म्हातारी मंडळी निवर्तली, की तेच घर पुन्हा विभक्त. घराला असे भरती-ओहोटीचे चक्र असते. ओहोटीच्या वेळी खाडीवर येऊन ‘ह्या खाडीला पाणी राहिलेले नाही’ असे लिहून जाणाऱ्या प्रवाशासारखी त्या पंडितांची गत झाली.

शब्दांचा घोळ तर विचारूच नका. विधवा आई आणि तिचा लग्न झालेला एकुलता मुलगा एकत्र राहतात. हे कुटुंब एकत्र की विभक्त? एक लेखक ते एकत्रांत घालतो, दुसरा विभक्तांत. कोलेंडाबाईंनी १९६८ साली देशभरच्या दोन डझनांहून अधिक अभ्यासांची तुलना करायला घेतली, तेव्हा त्यांना प्रथम हाच गुंता सोडवावा लागला. दोनच खणांत बसेना म्हणून त्यांनी कुटुंबाचे बारा प्रकार पाडले. त्यांत त्या विधवा आईच्या घराला ‘विभक्त, पण भर पडलेले’ अशा अर्थाचा स्वतंत्र खण मिळाला. मग दिसले की, प्रांताप्रांतांत आणि जातीजातींत रीत निराळी. कुठे मुलगा लग्न होताच वेगळा होतो, कुठे बाप मरेपर्यंत थांबतो. ‘भारतीय खेड्यातील कुटुंब’ अशी एकच एक वस्तू दाखवता येत नाही.

ही प्रांतवार दृष्टी आपल्याकडे त्याआधीच इरावतीबाई कर्वे ह्यांनी दिली होती. डेक्कन कॉलेजातून १९५३ साली निघालेल्या त्यांच्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात देशाचे चार पट्टे पाडलेले आहेत आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. इथे उत्तरेच्या काही चाली आहेत, तशी दक्षिणेप्रमाणे मामाची मुलगी करण्याचीही चाल आहे. पण त्या जाड ग्रंथातून पुढच्यांनी उचलले काय? बहुतेकांनी उचलली ती एकत्र कुटुंबाची व्याख्या : एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता, सामायिक कुळधर्म आणि विशिष्ट नाते. व्याख्या चांगलीच आहे. परंतु व्याख्या हे माप असते. ते वस्तूचे चित्र नव्हे. पाठ्यपुस्तकांनी ते चित्र समजून भिंतीवर टांगले आणि प्रत्येक खेडे त्या चित्राहून किती घसरले ते सांगत सुटली. मापाच्या एका अंगाला उणे पडलेले घर ‘मोडलेले’ ठरले.

त्यात कायद्याची भर पडली. बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वराने कल्याण येथे मिताक्षरा लिहिली. हे कल्याण आपल्या ठाणे जिल्ह्यातले नव्हे. ते चालुक्यांची राजधानी असलेले, आताचे कर्नाटकातील बसवकल्याण. महाराष्ट्रात वारशाचा हिंदू कायदा त्या मिताक्षरेवर उभा राहिला. मिताक्षरेतील एकत्र कुटुंब हे मालमत्तेपुरते एकत्र असते. कर्ता पुण्यात, एक भाऊ ठाण्यात आणि एक गावी, तरी वाटणी होईतो कायद्याच्या डोळ्यांना ते एकत्र. इंग्रज न्यायाधीशांनी आणि संस्कृत जाणणाऱ्या पंडितांनी ह्या पोथीतले कुटुंब पाहिले आणि समजूत करून घेतली की, खेड्यातली माणसे अशीच एका छपराखाली राहत असणार.

डॉक्टर हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. त्यांनी पिंपळे सौदागर ह्या खेड्याचा अभ्यास करून १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ साली तिथे सरासरी धारण सुमारे ४० एकरांची होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखवले. हा आकडाही पुष्कळांनी कुटुंबे फुटल्याचा पुरावा म्हणून वापरला. परंतु मॅनसाहेबांचा विषय होता जमीन आणि मजुरी. तोंडे वाढली, जमीन वाढली नाही, हे त्यांचे सांगणे. शिवाय धारणेचे तुकडे होत आले, ह्याचा अर्थ भाऊ पूर्वीपासूनच वाटण्या करत आले असा होतो. मग एकत्र नांदण्याचा सुवर्णकाळ नेमका कोणता धरायचा?

आता मूळ कोड्याकडे वळू. १८१९ साली लोणीकंदात एकत्र कुटुंबे कमी का असावीत? त्यापूर्वीच्या वीस वर्षांत त्या मुलखाने काय भोगले ते आठवावे. १८०२ साली होळकरांची पुण्यावर स्वारी झाली, पाठोपाठ १८०३–०४ चा भीषण दुष्काळ पडला. माणसे मेली, परागंदा झाली. एकत्र कुटुंबाला प्रेम लागते तसा आजा जिवंत असावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभीदेखील आपल्या देशात जन्मणाऱ्या मुलाच्या आयुष्याची सरासरी तेवीस वर्षांच्या आसपास होती. ह्याचा अर्थ सारी माणसे तेविसाव्या वर्षी मरत असा नव्हे. लहान मुले फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. पण मोठ्यांवरही घाला पडतच असे : १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा. बाप चाळिशीत गेला आणि दोन मुलांतला एक लहानपणीच दगावला, तर राहिलेल्याने एकत्र राहावे कुणाशी? १९४१–५१ च्या दशकात ही सरासरी बत्तीसवर आली आणि आज सत्तरीच्या घरात आहे. नातवाच्या लग्नात आजोबा उभे राहतात, ही पूर्वजांची रीत म्हणून आपण मिरवतो. खरे पाहता ती देवीची लस, स्वच्छ पाणी आणि औषधे ह्यांची देणगी आहे.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, पंडितांच्या चुका पंडितांनी निस्तराव्यात, त्याचे गावाला काय? त्याचे उत्तर घणसोलीत मिळते.

घणसोली हे ठाणे खाडीच्या काठचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी ह्यांवर ते जगले. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. त्यांत घणसोलीही आली. पुढे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदाराला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पदरात पडले.

मूळ खातेदार! सगळी मेख ह्या दोन शब्दांत आहे. जुन्या सातबाऱ्यावर वडील भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरे असत, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कागदोपत्री खाते एक, कुटुंब एक. पण त्याच घराच्या शिधापत्रिका काढून पाहिल्या, तर त्या चार, कारण चुली चार. शिरगणतीच्या वहीत चार घरे. गावकीच्या वर्गणीत कुठे एक घर धरलेले, कुठे चार. एकाच रक्ताची माणसे. तीन कागद आणि तीन हिशेब. जमिनीचा मोबदला नि भूखंड सातबाऱ्यामागे जातो, राहायला जागा मात्र चुलीमागे लागते. तीन मुलांची लग्ने झाली की तीन खोल्या हव्यात. गावठाणाची हद्द काही त्या प्रमाणात वाढली नाही. म्हणून लोकांनी आपल्याच जुन्या जागेवर घरे बांधली. कागदांत ती अनधिकृत ठरली आणि बोलीत त्यांना नाव पडले ‘गरजेपोटी घरे’. ती नियमित करण्यासाठी शासनाला एकाहून अधिक वेळा निर्णय काढावे लागले.

खातेदार म्हणजे कुटुंब असे मानणाऱ्याला ही घरे हाव वाटतील. चूल म्हणजेच कुटुंब असे मानणाऱ्याला भावांच्या सामायिक भूखंडावरील हक्काचे मर्म कळणार नाही. आणि दोघांनाही एक गोष्ट दिसत नाही : लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली लेक. ती माहेरच्या चुलीवर नाही, जुन्या सातबाऱ्यावरही नाही. १९९४ सालच्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि २००५ सालच्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलासारखा हक्क मिळाला आहे. खेड्यातील कुटुंब मोजणाऱ्या कितीक तक्त्यांत तिला खणच नव्हता. तेव्हा मोजणीचे माप चुकीचे निवडले, तर नुकसान पुस्तकाचे होते तसे माणसांचेही होते. कुणाच्या वाट्याची जमीन जाते, कुणाच्या डोक्यावरचे छप्पर बेकायदा ठरते.

लोणीकंदच्या त्या डॉक्टराने ‘पूर्वी कसे छान होते’ असे लिहिले असते, तर त्याची वही केव्हाच रद्दीत गेली असती. त्याने घरे लिहून ठेवली, म्हणून दीडशे वर्षांनंतर कुणाला तरी पंडितांची चूक पकडता आली. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला, तोही अजून उपयोगी पडतो तो अशाच डोळ्यांनी पाहिलेल्या तपशिलामुळे.

ह्या दिवाळीत एक काम करता येण्याजोगे आहे. भाऊबीजेला सगळे जमतात. वेगळ्या झालेल्या चारी चुलींचा फराळ त्या दिवशी एका ताटात येतो. लेकी माहेरी येतात. दुपारी पंगत उठली की एक वही घ्यावी आणि तीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात एका चुलीवर कोण कोण जेवतात ते लिहावे. दुसऱ्यात जमीन नि घर कुणाकुणाच्या नावे आहे ते. तिसऱ्यात सुतक कुणाकुणाला लागते आणि लग्नाला कुणावाचून अडते ते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून हेच तीन रकाने त्याच्या लहानपणचेही भरावेत, आणि लेकींची नावे गाळू नयेत. तिन्ही रकाने कधीच सारखे भरणार नाहीत. वहीवर तारीख मात्र घालायला विसरू नये.